शेगडीत गेलेली चौकशी

मुलाचा हात बाहेर आला होता आणि आमच्या बाई वहीत लिहीत होत्या.

नुसता हात. डोकं नाही, पाय नाही, कोपरापर्यंत हात. असं झालं म्हणजे मूल पोटात आडवं असतं, आणि आडवं मूल कितीही कळा दिल्या तरी आपोआप बाहेर येत नाही. एवढं मला ठाऊक होतं. सुईण भागामावशीला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त ठाऊक होतं, म्हणून ती गप्प झाली होती. ही बाई झोपेतसुद्धा बोलायची.

खाटेवर ठकू होती. वय असेल वीस-एकवीस. आधीची दोन मुलं जन्मतानाच गेलेली. दाराशी तिची सासू धोंडाबाई दार अडवून उभी होती. कोपऱ्यात, पाटावर, पुण्याहून आलेल्या आमच्या वत्सलाबाई. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि वहीत वेळ टाकली.

"बाई, ठेवा ती वही," मी म्हटलं.

"अनसामावशी, आपण ढवळाढवळ करायची नाही. प्रोफेसरसाहेबांनी बजावून सांगितलंय. बघणाऱ्याने फक्त बघायचं."

"मग प्रोफेसरसाहेबांना बोलवा बघायला." मी वही हातातून ओढून घेतली. माझ्या नोकरीत वरच्या माणसाच्या हातातून काही ओढून घेण्याची ती पहिली वेळ.

दीड कोसावर लोणावळ्यात चार खाटांचं सूतिकागृह होतं. तिथं डॉक्टरीण होती. मी धोंडाबाईला म्हटलं, "लोणावळ्याला न्या हिला."

"न्हाई."

"मरेल ती."

"न्हाई म्हनलं ना." धोंडाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने 'न्हाई' चालू होतं. बाई दुष्ट नव्हती. ठकू तिची एकुलती सून, आणि त्या घरात तिच्यावर कुणी हात उगारलेला मी पाहिला नाही. तरी 'न्हाई'.

आता गंमत अशी, की हे 'न्हाई' का, हे शोधून काढण्यासाठीच आम्हाला सात महिने पगार मिळत होता.

तेव्हा आमचा धंदा काय होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुसरी मोठी लढाई लागायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. पुण्यातल्या एका मंडळाने मावळातल्या बायकांची चौकशी काढली होती, प्रोफेसरसाहेब तिचे मुख्य. किती बायका बाळंतपणात मेल्या हे सरकारदप्तरी असतं. ते मोजणारे लोक वेगळे. आम्ही 'किती' विचारणारे नव्हतो, 'का' विचारणारे होतो. सूतिकागृह उघडून दोन वर्षं झाली, डॉक्टरीण दिवसभर खिडकीत बसून येणारी-जाणारी माणसं बघते, मग खेड्यांतल्या बायका तिथं का येत नाहीत? एवढा एकच प्रश्न. मी मराठी चौथी पास. पुण्याचं वाचता येतं आणि मावळातलं ऐकता येतं, एवढ्या भांडवलावर मला कामाला घेतलं. वत्सलाबाई बी. ए. होत्या. वयाने माझ्या निम्म्या, म्हणून मला मावशी म्हणायच्या, आणि पगार दुप्पट, म्हणून मी त्यांना बाई म्हणायची. लोक मला 'चौकशीवाली' म्हणत. तोंडावर मावशी.

माणसाच्या मनातलं काढायच्या चार रीती आम्ही त्या सात महिन्यांत वापरल्या. चारींचा अनुभव मी सांगते. प्रोफेसरसाहेब वेगळं सांगतील.

पहिली कागदाची. प्रोफेसरसाहेबांनी पुण्यात बसून छापील कागद केले होते. प्रश्न तेच, क्रम तोच, आणि उत्तरं खाली छापलेली. त्यातल्या एकावर खूण करायची. ह्यात फायदा असा की सगळ्यांना एकच विचारलं जातं. तोटा असा की सगळे एकच सांगतात. कागद बघितला की माणूस मनातल्या मनात हात जोडतो. एका घरी अंगणात तीन पोरं खेळत होती. बापाला विचारलं, "घरात लेकरं किती?"

"न्हाईत."

"ही तीन?"

"ही शेजारची."

तेवढ्यात त्यातलं धाकटं "बा, भाकर दे" म्हणत येऊन त्याच्या मांडीवर बसलं. त्याने त्याला भाकरी दिली आणि मला म्हणाला, "लय लळा हाय त्याला माजा." त्याला वाटलं होतं की सरकार आता पोरामागे पट्टी बसवणार. जमीन मोजायला येणारे असाच कागद घेऊन येत, त्यामुळे त्याचं चूक म्हणता येणार नाही.

ठकूचा नवरा किसन. तो गरीब स्वभावाचा, बोलणं मोजून. कागद घरातल्या कर्त्याने भरायचा असा नेम, म्हणून बाळंतपणाबद्दलचे सगळे प्रश्न त्याला. बाळंतपण कुठे व्हावंसं वाटतं, घरी की सूतिकागृहात? किसन म्हणाला, "दुसरं." बाईंना कोण आनंद! पुढचा प्रश्न, त्याचं उत्तर "पयलं." त्याच्या पुढचा, "दुसरं." शेवटपर्यंत पयलं-दुसरं, पयलं-दुसरं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "किसन, असं रे का?"

"एकावरच सगळा भार नगं मावशी. दोनी बाजूंला ऱ्हायलेलं बरं."

काही घरांत कर्ता माणूस घरी नसे, तिथं आम्ही कागद ठेवून यायचो. पंधरा दिवसांनी परत घ्यायला गेलो तर एकावर हळद, एकावर कुंकू, एकाला तेलाचा डाग. बाळ झालं की पाचव्या दिवशी सटवीची पूजा असते. पाटा-वरवंटा मांडायचा, पुढे कोरा कागद नि लेखणी ठेवायची. सटवी येते आणि बाळाच्या नशिबात काय ते लिहून जाते. आमचा कागद चांगला जाड, पुण्याचा. एका बाईने तर आणखी दोन मागितले.

"ह्याच्यावर रेगा हायती आदीच," ती म्हणाली. "सटवीला लिवायला बरं पडतं."

"अहो पण उत्तरं?" बाई रडकुंडीला आल्या होत्या.

"ती सटवीच लिवंल की."

सगळे कागद जमवून बघितले तर जवळजवळ सगळी खेडी सूतिकागृहात जायला उत्सुक. चार खाटा मात्र रिकाम्या. प्रोफेसरसाहेबांनी कळवलं, दुसरी रीत वापरा.

दुसरी बैठकीची. दहा-बारा बायका एकत्र बसवायच्या, विषय काढून द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. एक बोलली की दुसरीला सुचतं, दुसरीचं तिसरी खोडते, असं बोलणं रंगतं आणि त्यातून खरं वर येतं. पुस्तकात असं आहे. आम्ही मारुतीच्या देवळात बसवल्या. बाई म्हणाल्या, "अगदी मोकळेपणाने बोला हं." झालं! सुनांचे पदर कपाळावरून नाकापर्यंत आले. धोंडाबाईने सांगितलं, "आमच्यात समद्या घरीच बाळंत व्हत्यात." बाकीच्यांनी माना हलवल्या. मग बाईंनी विचारलं, "आणखी कुणाला काही वेगळं वाटतं?" धोंडाबाई म्हणाली, "न्हाई वाटत." एवढ्यात कुणाच्या तरी शेळीने कुणाच्या तरी वाफ्यात तोंड घातल्याचं निघालं आणि मग मात्र बैठक रंगली. बाईंनी शेळीवर चार पानं लिहिली.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, सासवा वेगळ्या बसवू, सुना वेगळ्या. सुना बाईंकडे, देवळात. सासवांना गुंतवून ठेवायचं काम माझं. मी त्यांना ओढ्याच्या काठी घेऊन गेले, मिश्रीची डबी उघडली, आणि स्वतःही लावली. मिश्री लावताना बाई खोटं बोलत नाही, कारण खोटं बोलायला नीट तोंड लागतं. मी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. त्यांनी आपणहून काढलं.

"त्या दवाखान्यात म्हनं खाटंखाली शेगडी न्हाई ठिवत."

"मग बाळंतिनीला शेक कसा?"

"शेक न्हाई, धुरी न्हाई. थंड्या फरशीवर निजवत्यात. अंगात वारं भरलं की बाई जलमाची गेली."

"आन वार?" धोंडाबाईने मिश्री थुंकली. "वार कुटं टाकत्यात द्येवाला ठावं. कुत्र्यानं न्हेली की झालं, त्या बाईची कूस उजवत न्हाई पुन्ना."

वार म्हणजे मुलाच्या मागून येते ती. ती मडक्यात घालून घराच्या आत, बहुधा मोरीपाशी, जमिनीत पुरायची. ती परक्या हाती जाऊ द्यायची नाही. हे सगळ्या मावळाला माहीत होतं, फक्त सूतिकागृहाला माहीत नव्हतं. तिथं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं आणि तिथं कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या दिवशी सुनांच्या बैठकीत काय निघालं म्हणाल, तर त्यांनी एकमेकींच्या सासवांच्या नकला केल्या. बाई म्हणाल्या, फार चांगल्या केल्या. ठकू तिथं नव्हती. तिला धोंडाबाईने राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पाला गोळा करायला पाठवलं होतं.

तिसरी रीत कहाणीची. एकच बाई धरायची आणि तिचा जन्म सगळा ऐकायचा, दिवस लागोत की आठवडे. बाईंनी भागामावशीला धरलं, कारण निम्मं मावळ तिच्या हातांवर जन्मलेलं. भागामावशीला जन्मात पहिल्यांदा असं गिऱ्हाईक मिळालं. पहिल्या दिवशी तिने सांगितलं की तिचं लग्न पाचव्या वर्षी झालं आणि नवरा प्लेगात गेला. दुसऱ्या दिवशी लग्न नवव्या वर्षी आणि नवरा वाघाने नेला. तिसऱ्या दिवशी त्याला पाण्याने ओढून नेलं. चौथ्या दिवशी नवरा मुंबईहून धोतरजोडी घेऊन स्वतःच आला आणि ओसरीवर बसून आमच्याबरोबर चहा प्याला.

"मावशी, हे कोण?" बाई कुजबुजल्या.

"त्योच," भागामावशी म्हणाली. "गेला व्हता तवा गेलाच व्हता की."

बाईंनी रात्री वही माझ्यापुढे टाकली. म्हणाल्या, हिच्यातलं खरं काय समजायचं? मी म्हटलं, नवऱ्याबद्दलचं सोडा. त्याच्याबद्दल तिला काय वाटतं ते कळलं, पुरे झालं. पण बाळंतपणाचं बघा. चार दिवस तिने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. शेगडी अशी ठेवायची, नाळ अशी बांधायची, वार अशी पुरायची. माणूस आपल्या जन्माबद्दल थापा मारतो, कामाबद्दल मारत नाही. बाईंना ते पटलं. त्यांनी ते वहीत माझं नाव न घालता लिहून घेतलं.

चौथी रीत मुक्कामाची. हिच्यात काही विचारायचंच नाही. लोकांत जाऊन राहायचं, ते करतील ते करायचं आणि बघायचं. कुसगावच्या पलीकडे एक वाडी आहे. तिथं धोंडाबाईच्या घरी आम्ही दोघी दोन महिने राहिलो. आम्ही गेलो तेव्हा ठकूला सहावा महिना संपत आला होता. ही रीत सगळ्यांत खरी असं प्रोफेसरसाहेब म्हणत. पण तिचा एक नेम होता, जो मी वर सांगितला. बघायचं, ढवळाढवळ करायची नाही. नाहीतर आपणच केलेलं आपण बघत बसू. नेम वाईट नाही. पण नेम पाळायलाही माणूस बघून द्यावा. बाई मन लावून पाळणाऱ्या. एकदा शेळी त्यांच्यासमोर येऊन टोपल्यातल्या दोन भाकरी खाऊन गेली. बाईंनी तिला हाकललं नाही. वहीत लिहिलं: इतक्या वाजता शेळी आली, इतक्या वाजता गेली.

"आवं हाड म्हनायला काय झालं व्हतं?" धोंडाबाई म्हणाली.

लावणीला बाई चिखलात उतरल्या. डोक्यावर पावसाचं पानांचं इरलं, कासोटा मी नेसवलेला. तिसऱ्या पावलाला पाय रुतला आणि बाई इरल्यासकट बसल्या. धोंडाबाईने सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा निकाल दिला, "शिकलीया लय. पायच तेवढं शिकवायचं ऱ्हायलं."

आणि आम्ही वाडी बघत होतो तशी वाडी आम्हाला बघत होती. बाई दिवसातून किती वेळा हात धुतात, चष्मा काढल्यावर कुणाला ओळखतात, नवरा का नाही, हे सगळं पाणवठ्यावर रोज मांडलं जाई. त्यांची चौकशी आमच्यापेक्षा लवकर पुरी झाली. त्यांना कागद लागत नव्हता.

ठकूबद्दल वहीत पुष्कळ होतं. ती किती वाजता उठते, किती घागरी आणते, कुणाच्या नंतर जेवते. घागरी कमी कर असं सांगणं ही ढवळाढवळ. म्हणून तेही झालं नाही. बायका येत का नाहीत ह्याचं उत्तर एव्हाना आमच्या हातात होतं, शेगडी आणि वार. 'समजुती' असं डोक्याशी लिहून बाईंनी ते दोन पानांत मांडलं होतं. दिवाळीच्या सुमाराला अहवालात जाणार होतं. मग मंडळाने ते वाचायचं, मग सूतिकागृहाला कळवायचं, मग त्यांनी विचार करायचा. असं आमचं रमतगमत चाललं होतं. ठकूला नववा लागून आठ दिवस झाले आणि त्या सकाळी कळा सुरू झाल्या.

तर तिथं मी बाईंची वही ओढून घेऊन उभी होते आणि धोंडाबाई दारात.

मी म्हटलं, "धोंडाबाई, शेगडी घ्या."

"काय?"

"शेगडी घ्या. निखारे घाला. आणि नवं मडकं घ्या. आपण हे घरच उचलून तिकडे नेऊ. खाटेखाली शेगडी मी ठेववते. वार मी ह्या हाताने तुमच्या मडक्यात घालते. घरी आणून मोरीपाशी पुरा."

धोंडाबाईने माझ्याकडे बघितलं. "आन न्हाई दिली त्यांनी तर?"

"तर येताना मला ओढ्यात ढकला."

"ढकलीन," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

मला कुणी असं वचन द्यायला सांगितलं नव्हतं. ते पाळता येईल की नाही हेही ठाऊक नव्हतं. सूतिकागृहात मी एकदाच गेले होते, कागद द्यायला. पण मला हे माहीत होतं की ती 'न्हाई' कशाला म्हणते आहे, आणि नुसतं "मरेल ती" म्हणून तो अडसर निघण्यातला नव्हता. मरणाला ती भीत होतीच. भीत होती म्हणून तर घरी ठेवत होती.

किसन आणि तिघे जण लावणीतून तसेच चिखलाचे आले. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली, ठकूला आत घातली. भागामावशीने ठकूच्या त्या बाहेर आलेल्या हाताला ओलं फडकं गुंडाळलं आणि सगळ्यांना दम भरला, "ह्याला कुनी वढायचं न्हाई. वढलं की दोगं बी गेली." तेवढं एक ती बोलली.

श्रावणाची झड लागलेली. पुढे झोळी, चार गडी धापा टाकत. मागे भागामावशी, एका हातात नाळ कापायचा विळा, दुसऱ्यात सटवीसाठी वरवंटा. पाटा जड म्हणून ठेवला, पण वरवंटा सोडायला तयार नाही. तिच्या मागे धोंडाबाई, इरल्याखाली शेगडी धरून. पाऊस निखाऱ्यांवर पडू नये म्हणून बाई इतकी वाकली होती की नुसतं इरलंच चाललंय असं वाटे, आणि इरल्यातून धूर निघत होता. मग पदराखाली वही आणि हातात मडकं घेऊन मी. आणि सगळ्यांच्या शेवटी वत्सलाबाई, खांद्याला कागदांची मेणकापडी पिशवी, पाय घसरून दर दहा पावलांनी खाली. वाटेत एक गुराखी भेटला. त्याने विचारलं, "कुनाचं बिऱ्हाड चाललंया?"

ओढ्यापाशी गड्यांनी खांदा बदलला, तेव्हा मी झोळीत वाकून बघितलं. ठकू शुद्धीवर होती. मला म्हणाली, "मावशी, दवाखान्यात न्हेताय न्हवं?"

"होय गं. घाबरू नको."

"घाबरत न्हाई. मला तितंच जायचं व्हतं, पयल्या खेपंपास्नं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुनी इचारलं?"

एवढंच म्हणाली आणि पुढची कळ आली.

मी चालत राहिले. मला राग आला, आणि कुणाचा करावा ते कळेना. कागदावरचं तिच्या नवऱ्याला विचारलं. बैठकीला ती पाला गोळा करायला. कहाणी सुईणीची घेतली. मुक्कामात विचारायचंच नव्हतं. दोन महिने तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्या, ती किती घागरी आणते ते मोजलं, आणि एवढ्या चार रीतींत मिळून त्या पोरीला कुणी विचारलं नाही. बाईंना पुस्तकाचा नेम आड आला असं म्हणता येईल. मला काय आड आलं होतं? मी तर नेम मानणारी नव्हते. मी रोज तिच्या शेजारी बसून भांडी घासत होते.

हे मी कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही. इथं लिहिते.

सूतिकागृहाच्या दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी झोळी बघितली, हात बघितला, आणि आतलं दार उघडलं. मग त्यांना विळा दिसला. वरवंटा दिसला. मग इरल्यातून शेगडी निघाली.

"हे आत नाही."

"मंग सून बी आत न्हाई," धोंडाबाई म्हणाली आणि उंबऱ्यावर पाय रोवून उभी राहिली.

"अहो आजी, मला तिला भूल द्यायची आहे. मूल आतल्या आत फिरवायचं आहे. भुलीच्या औषधाजवळ आग चालत नाही. सगळे मरू."

"बिनशेगडीची बाळंतीन आमी बघितली न्हाई."

मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं. दोन वाक्यांत सांगितलं, शेगडी आणि वार. दोन पानांचा मजकूर दोन वाक्यांत मावला. त्या म्हणाल्या, "ह्यासाठी? दोन वर्षं ह्यासाठी?" मग म्हणाल्या, "मडकं द्या इकडे. वार मी स्वतः घालीन. पण आग आत नाही म्हणजे नाही."

मडक्याचं जमलं. शेगडी अडली. झोळी व्हरांड्यात, चार गडी खाली बघत उभे. तेव्हा भागामावशी बोलली. इतका वेळ गप्प होती ती एकदम सरकारी आवाजात म्हणाली, "धोंडे, बाजूला हो. शेगडी भायेर खिडकीखाली ठिव. भितीच्या पल्याडनं शेक लागतो."

"लागतो व्हय?"

"मी इतकी बाळंतपनं केली, मला सांगतीस? भितीला काय कळतं आत कोन न् भायेर कोन?"

ही रीत तिने त्याच क्षणी काढली होती. चार दिवसांच्या कहाणीत हे कुठंही नव्हतं. कामाबद्दल माणूस थापा मारत नाही असं मी म्हटलं होतं, ते तिथं खोटं ठरलं. धोंडाबाई बाजूला झाली. ठकूला आत नेलं. दार लागलं.

शेगडी खिडकीखाली ठेवली. तर निखारे विझायला आलेले; दीड कोसाचा पाऊस, इरलं किती पुरणार? धोंडाबाई फुंकर मारते, राख उडते, धग नाही. आजूबाजूचं लाकूड सगळं ओलं. सूतिकागृहात कोळसा होता, पण आत, दारापलीकडे. धोंडाबाईचं तोंड बघवेना. शेगडी विझली तर ती दार फोडून सुनेला परत नेईल, ह्यात मला शंका नव्हती. ती उठलीसुद्धा.

तेव्हा वत्सलाबाई पुढे आल्या. चिखलाने माखलेल्या, चष्म्याची एक काच तडकलेली. पिशवीतून त्यांनी उरलेले छापील कागद काढले आणि शेगडीत घातले. पुण्याचा जाड कागद, छान पेटला. त्याने थोडी धग आली. कागद संपले. मग त्यांनी माझ्या हातातली वही मागितली. मी म्हटलं, "बाई, सात महिने आहेत त्यात."

"द्या."

पहिली पानं शेळीची गेली. मग बैठक. मग भागामावशीचा नवरा, प्लेगात, वाघाच्या तोंडात आणि पाण्यात, तिन्ही प्रकारे. बाई एकेक पान फाडत होत्या, धोंडाबाई फुंकत होती, किसन कुठून तरी कोरडी काटकी शोधून आणत होता. 'समजुती' ही दोन पानं आली. बाईंनी तीही घातली. पुढे प्रोफेसरसाहेबांनी विचारलं, पुरावा कुठे आहे? बाईंनी खरं ते सांगितलं. त्यांना वर्षभर बढती मिळाली नाही. अहवाल आठवणीतून लिहिला. माझ्या मते त्यामुळे बरा झाला, कारण आठवणीत शेळी राहिली नव्हती.

धोंडाबाईने फुंकता फुंकता बाईंना विचारलं, "बाय, ह्या कागदात काय लिवलं व्हतं?"

"तुमच्याबद्दल लिहिलं होतं."

"बरं का वाईट?"

"दोन्ही."

"मंग जळू द्या," धोंडाबाई म्हणाली.

वही संपली. पुठ्ठे राहिले, तेही गेले. खिडकीची काच आतून लावलेली; आवाज येत नव्हता. किसन पायरीवर बसला. त्याला मी विचारलं नाही काही. भागामावशी वरवंटा मांडीवर घेऊन बसली होती, मूल धरावं तशी.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या बाह्या कोपरापर्यंत लाल. एका हातात मडकं, वर फडकं बांधलेलं. ते त्यांनी आधी धोंडाबाईच्या हातात दिलं आणि मग सांगितलं.

हे ज्यांनी पाहिलं त्यांतली पुष्कळ माणसं आता नाहीत. धोंडाबाई गेली, भागामावशी गेली, डॉक्टरीणबाई गेल्या, किसनही मागच्या साली गेला. वत्सलाबाई आहेत, पण आजारपणात कान गेले, ऐकू येत नाही. ठकू आहे. त्या दिवशी झालेली तिची ती मुलगी आहे.